जुन्या झेनचं ऑइल नेमकं कुठून गळत होतं

आमची झेन १९९८ ची आहे, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी. २०२३ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन पुन्हा पाच वर्षांसाठी रिन्यू केलं, तेव्हा घरात चर्चा झाली होती की पंधरा वर्षांच्या पुढच्या कारला १ एप्रिल २०२२ पासून रिन्यूअलची फीच ५००० रुपये झालीये, वर पर्यावरण कर वेगळा, तर ठेवायची का गाडी. ठेवायची असं ठरलं, कारण गाडी खरंच चांगली चालते, पत्रा गंजलेला नाही आणि पुण्याच्या पेठांमधल्या गल्ल्यांत एवढी छोटी गाडी जिथे शिरते तिथे हल्लीच्या गाड्या जात नाहीत. आणि ठेवायची तर नीट ठेवायची हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

तर त्याच्यानंतर काही महिन्यांनी पार्किंगमध्ये फरशीवर डाग दिसायला लागले. आधी रुपयाएवढे, मग बशीएवढे. सिग्नलला थांबलं की बॉनेटमधून जळका वास यायचा, आणि ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी बघितली की दर काही आठवड्यांनी लेव्हल खालच्या खुणेकडे सरकलेली. या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन-साडेतीन लिटर, त्यामुळे अर्धा लिटर गेलं तरी ते थोडं नसतं. इथे एक गोष्ट आधीच सांगते कारण ओळखीतल्या भरपूर लोकांचा हा गैरसमज आहे, डॅशबोर्डवरचा तो लाल ऑइलचा दिवा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागेपर्यंत वाट बघायची म्हणजे ऑइल इतकं कमी झालेलं असतं की पंपाला ते ओढताच येत नाहीये आणि बेअरिंग कोरडी फिरतायत. पट्टी बघायची, सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, एकदा पुसून आणि मग परत घालून. दुसरा काही मार्ग नाही.

पहिलं काम म्हणजे गळतंय ते इंजिन ऑइलच आहे का हे बघणं. रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवला, त्याच्यावर पुढच्या दोन्ही चाकांची जागा पेनानं आखली म्हणजे थेंब कुठे पडतायत ते गाडीच्या हिशोबानं कळेल. सकाळी बघितलं तर काळपट तपकिरी, बोटाला गुळगुळीत. गिअर ऑइल असतं तर जाड लागतं आणि गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. कूलंट हिरवं आणि गोडसर वासाचं, ब्रेक ऑइल पातळ आणि जवळजवळ बिनरंगी असतं आणि ते निघालं तर गाडी जागेवरून हलवायचीच नाही. एसीचं पाणी तर पाणीच. आमचं इंजिन ऑइलच होतं, आणि सगळे थेंब ड्रायव्हरच्या बाजूला नव्हे तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या जोडाच्या खाली.

या जोडानं सगळा घोळ केला. एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवलं, त्यांनी गाडी वर उचलली, टॉर्च मारली आणि दोन मिनिटांत निकाल दिला की मागचं मेन ऑइल सील (क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथली रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, क्लच पण टाकून घ्या, दहा-बारा हजार धरून चला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले जुनी गाडी आहे, कशाला खर्च करता, २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइल गळत नाही. तिसऱ्यानं लीक बंद करणाऱ्या औषधाची बाटली पुढे केली. म्हणजे तिघांनी तीन उत्तरं दिली पण गळतंय कुठून हे एकानंही शोधलं नव्हतं. मेन सील गेलेलं असू शकत होतं, नाही असं नाही, पण ऑइल खाली टपकतं तिथून निघालेलं असेलच असं अजिबात नसतं. ते वरून निघतं, ब्लॉकच्या कडेनं, बोल्टच्या डोक्यांवरून, वायरिंगवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि गाडी चालत असेल तर वारा त्याला आणखी मागे ढकलतो. म्हणून पुठ्ठ्यावरच्या थेंबावरून फक्त शेवटचं टोक कळतं.

जाड ऑइलबद्दल थोडं बोलते. २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० मधला फरक गरम इंजिनातल्या जाडीचा आहे. पन्नासवालं गरम झाल्यावर जाड राहतं, त्यामुळे फटीतून थोडं हळू निघेल, मान्य. पण फट आहे तिथेच आहे आणि रबर कडक झालंय ते कडकच आहे. औषधाच्या बाटलीतलं केमिकल रबर फुगवतं, मऊ करतं, काही दिवस बरं वाटतं, पण ते चांगल्या सीलना पण लागतं आणि फुगलेलं रबर पुढे जास्त लवकर फाटतं. ज्याला गाडी महिन्याभरात विकायची आहे त्याचं गणित वेगळं असेल, मला विकायची नव्हती.

मग आमच्या भागात एक मेकॅनिक काका आहेत, त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक खड्डा, त्यांच्याकडे गेले. त्यांनी गाडी बघितली आणि काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "ताई, आधी धुवायला लागेल. एवढ्या चिकटीत मला काय दिसणार?"

मला हे फार पटलं. इंजिनावर वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल मिळून काळा थर झाला होता, नखानं खरवडला की निघायचा. इंजिन पूर्ण गार असताना डिस्ट्रीब्युटर (स्पार्क प्लगना आळीपाळीनं करंट वाटणारा भाग), अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं, मग डीझेल आणि ब्रश घेऊन वरून खाली घासत आलो. वरून खाली हे महत्त्वाचं, उलटं केलं तर साफ केलेल्या जागेवर परत घाण येते. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. मग साबणाचं पाणी, तेही साध्या पाइपनं, प्रेशर वॉशर मारायला काकांनी साफ नाही म्हणलं कारण त्या जोरानं पाणी कनेक्टरमध्ये आणि सीलच्या आत घुसतं. सगळं हवेनं आणि कपड्यानं कोरडं केल्यावर अॅल्युमिनियमचा मूळ रंग दिसला, मी तो कधी बघितलाच नव्हता.

पुढची युक्ती काकांचीच. ज्या ज्या जोडांवर संशय होता तिथे टाल्कम पावडर भुरभुरवली. टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची कड, डिस्ट्रीब्युटरचं बूड, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, चेंबरचा, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याचा काठ, क्रँकच्या टोकावरच्या पुलीच्या मागचा भाग. पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा थेंब आला की काळी रेघ उमटते आणि रेघ वर जिथे सुरू होते तिथे उगम. मग गाडी चांगली गरम होऊ दिली, स्वारगेटवरून कात्रज घाट चढून गेले आणि परत आले. चढाला इंजिनावर लोड येतो, ऑइल पातळ होतं, आणि जे गळायचं ते गळतं. नुसतं पार्किंगमध्ये चालू ठेवून हे दिसत नाही.

परत येऊन बॉनेट उघडलं आणि दोन रेघा स्पष्ट. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. दुसरी, जास्त ओली, डिस्ट्रीब्युटर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात जिथे बसतो त्या गोल जोडाच्या खालून. झेनमध्ये डिस्ट्रीब्युटर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्याच्या) टोकाला असतो, गिअरबॉक्सच्या बाजूला. आता बघा, तो जोड बरोबर गिअरबॉक्सच्या वर येतो, तिथून निघालेलं ऑइल सरळ खाली उतरतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर जाऊन थांबतं. खालून बघणाऱ्याला मेन सीलच वाटणार!

तरी काकांनी मेन सीलची खात्री केली. क्लच हाउसिंगच्या तळाचा छोटा पत्रा काढला आणि तारेला कापूस गुंडाळून आत फिरवला. मेन सील गेलं असतं तर ऑइल आतल्या बाजूनं, फ्लायव्हीलच्या मागून आलं असतं आणि कापूस भिजला असता. कापसावर फक्त क्लचची कोरडी काळी धूळ. गिअरबॉक्स उतरवायचं कारण तिथेच संपलं. बारा हजारांचा प्रश्न होता आणि उत्तर कापसाच्या एका बोळ्यात मिळालं.

पण पॅकिंग बदलायच्या आधी अजून एक गोष्ट बघायची होती, आणि माझ्या मते जुन्या गाडीच्या गळतीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिन चालताना पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात उतरतोच, नव्या गाडीत पण. हा गॅस बाहेर काढून परत इनटेकमध्ये जाळायला पाठवायचं काम पीसीव्हीचं. तो चिकटीनं बंद झाला की आत प्रेशर वाढतं आणि ते प्रेशर जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतं. अशा वेळी तुम्ही पॅकिंग कितीही चांगलं टाका, पुढच्या पावसाळ्याच्या आत दुसरं कुठलं तरी सील ओलं होणार. मग लोक म्हणतात गाडी म्हातारी झाली.

तपासायला काही लागत नाही. इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी सैल धरली. पिशवी हलकीशी आत ओढली गेली तर सगळं ठीक. आमची बाहेर फुगत होती. एअर फिल्टरच्या डब्यात पण ऑइलचा ओलावा होता, म्हणजे गॅस उलट्या वाटेनं तिकडे जात होता. व्हॉल्व्ह काढून कानापाशी हलवला तर आतून खुळखुळ आवाज यायला पाहिजे, आमचा मुका, आत काळं गाळासारखं भरलेलं. साफ करून चालला असता कदाचित पण एवढा स्वस्त पार्ट आहे की नवाच टाकला आणि त्याचा रबरी पाइप पण, तो चिरला होता. नवा टाकल्यावर पिशवी आत ओढली जायला लागली. ती तरीही फुगलेलीच राहिली असती तर रिंगा झिजल्यात असं समजायला लागलं असतं, म्हणून काकांनी कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब पण बघून घेतला, चारही सिलिंडरला जवळपास सारखं आलं. मग मात्र मी निश्चिंतपणे पैसे घालायला तयार झाले.

पार्टसाठी नाना पेठेत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुण्यात गाड्यांचे स्पेअर पार्ट म्हणजे नाना पेठ, तिथे ओळीनं दुकानं आहेत आणि काउंटरवरचे लोक गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की न बघता पार्ट काढतात. टॅपेट कव्हरचं पॅकिंग लगेच मिळालं. डिस्ट्रीब्युटरच्या त्या गोल जोडात ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी असते, तिच्यासाठी जुना काढून नमुना नेला होता. तो ओ-रिंग गोल राहिलाच नव्हता, चपटा झालेला, आणि बोटानं वाकवला तर कट्कन तुटला. रबराचं वय असं असतं, हेडच्या त्या उष्णतेत पंचवीस वर्षं राहिल्यावर ते दुसरं काय करणार, यात गाडीचा काहीच दोष नाही. दुकानदारानं विचारलं साधा देऊ का व्हायटॉनचा. साधा म्हणजे नायट्राइल, तोही ऑइलला चालतो पण उष्णतेनं लवकर कडक होतो, व्हायटॉन जास्त टिकतो. दोन्ही पन्नास-शंभरच्या आतले, व्हायटॉन घेतला. फक्त ऑइलचा म्हणून सांगून घ्या, पाण्याच्या नळाला लावतात ती रिंग मापाला बसली तरी ऑइलमध्ये फुगून खराब होते.

डिस्ट्रीब्युटर काढताना बघत बसले होते कारण ह्या कामात घाई झाली तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ बिघडते. काकांनी आधी डिस्ट्रीब्युटरच्या बुडावर आणि हेडवर मिळून टोच्यानं एक सरळ रेघ ओढली, प्लगच्या वायरींना नंबर लावले (फायरिंग ऑर्डर १-३-४-२), कॅप काढून रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा मला मोबाइलवर फोटो काढायला सांगितला आणि मग बोल्ट ढिले केले. कॅपच्या आत ऑइल आहे का ते पण बघितलं, असतं तर शाफ्टचं आतलं सील गेलेलं असतं आणि नुसत्या ओ-रिंगनं भागलं नसतं. आत कोरडं होतं. खाच साफ केली, नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवलं, कोरडी ढकलली तर बसताना कापली जाते. रेघेला रेघ जुळवून बसवलं आणि वर टायमिंग लाइट लावून पण तपासलं.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग हे काम सोपं, पण सगळ्यात जास्त बिघडवलं जाणारं पण हेच. आमच्या कव्हरवर आधी कुणीतरी सिलिकॉनचा जाड थर दिला होता, बाहेर पण आणि आत पण. आत जे सांडतं ते सुटून ऑइलबरोबर खाली जातं आणि चेंबरमधल्या पंपाच्या जाळीत अडकतं, जाळी बंद झाली तर इंजिन जातं. हे मी वाचलं होतं पण या वेळी डोळ्यांनी बघितलं, कव्हरच्या आतल्या काठाला सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. काकांनी सगळं प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं, लोखंडी स्क्रेपर अॅल्युमिनियमला ओरखडे पाडतो आणि मग त्या ओरखड्यातूनच गळतं. पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं पुसून कोरडा केला, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत जिथे दोन भाग मिळतात तिथे तांदळाच्या दाण्याएवढा, बाकी पॅकिंग कोरडंच. बोल्टखालचे रबरी वॉशर पण नवीन. आणि बोल्ट हळूहळू, आलटून पालटून, हातानं बेताचे आवळले. गळतंय म्हणून जोरात आवळायचं ही सगळीकडची सवय आहे आणि त्यानं कव्हर वाकतं, पॅकिंग मधेच चिरडतं.

इथे काम संपेल असं वाटलं होतं. पुठ्ठा परत घातला, डाग जवळजवळ गेले, पण आता इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, क्रँक पुलीच्या खाली, एखादा थेंब दिसायला लागला. आधीच्या महापुरात तो लक्षातच आला नव्हता. पावडरीनं नीट कळेना कारण फिरती पुली ऑइल सगळीकडे उडवते. मग यूव्ही डाय वापरला, ऑइलमध्ये थोडासा टाकायचा, गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारायची, जिथून ऑइल निघतं तिथे पिवळट हिरवं चमकतं. टायमिंग कव्हरच्या खालच्या काठावर चमक होती. ऑइल स्विचवर पण संशय होता, तो बऱ्याच गाड्यांत आतूनच पाझरायला लागतो, पण तो कोरडा निघाला. (तो कधी बदलला तर आट्यांवर टेप गुंडाळू नका, त्या आट्यांतूनच त्याला अर्थिंग मिळतं, टेप जास्त झाली तर दिवा लागणारच नाही.)

टायमिंग कव्हरच्या आतून ऑइल येतंय म्हणल्यावर चालढकल करण्यात अर्थ नव्हता. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारा पट्टा, रबरी आहे आणि रबराला ऑइल लागत राहिलं की तो मऊ पडतो, दात सुटतात, आणि बेल्ट चालत्या गाडीत गेला तर गाडी जिथे असेल तिथे उभी. कव्हर काढलं तर बेल्टची एक कड काळी ओली झालेलीच होती. क्रँकचं पुढचं, पुलीकडचं सील ओलं, कॅमचं अजून बरं होतं. पण मी दोन्ही सील, बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर एकदमच करून घेतले, कारण यात पार्टपेक्षा उघडायची मजुरी जास्त आहे आणि सहा महिन्यांनी कॅमच्या सीलसाठी तेच सगळं परत खोलणं मला पटत नव्हतं. सगळा मिळून खर्च झाला तो त्या पहिल्या गॅरेजनं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याच्या आत.

क्रँकचं जुनं सील निघाल्यावर शाफ्टवर बोट फिरवून बघा म्हणाले काका. सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे बारीक खाच पडली होती, नखाला जाणवेल एवढी. नवीन सील त्याच जागी बसवलं तर नवा ओठ त्याच खाचेत फिरणार आणि परत पाझरणार. म्हणून त्यांनी सील जुन्यापेक्षा अगदी किंचित बाहेर ठेवलं, म्हणजे ओठ शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर आला. ठोकायला सीलच्या मापाच्या पाइपचा तुकडा, सगळीकडून सारखं आत जाईल असा. सील वाकडं बसलं तर ते नवीन असलं काय नसलं काय. बेल्ट चढवल्यावर कॅम आणि क्रँकच्या खुणा जुळवल्या, इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघितल्या आणि मगच स्टार्टर मारला.

नंतर गाडी साताऱ्याला नेली, खंबाटकी घाट भर दुपारी एसी लावून चढवला. गावी पोचल्यावर पुठ्ठा घातला, तो सकाळी कोरडा होता. जळका वास पूर्ण गेला.

एक जागा राहिलीये. चेंबरच्या पॅकिंगला मागच्या बाजूला ओलसरपणा आहे, बोट लावलं तर बोटाला लागतं पण थेंब होऊन पडत नाही. काकांना विचारलं करायचं का. म्हणाले, "ताई, घाम आहे तो, गळती नाही. त्याला आत्ता हात लावू नका." मलाही ते पटलं, कारण ते नीट करायचं तर ऑइल काढायला लागणार, चेंबर उतरवायला लागणार, आणि आत्ताच नवीन ऑइल आणि फिल्टर घातलाय. पुढच्या ऑइल चेंजला चेंबर उतरवू, तेव्हा पंपाची जाळी पण बघता येईल, त्या जुन्या सिलिकॉनच्या शेवयांपैकी काही खाली गेल्यात का ते मला बघायचंच आहे. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर आत्ताच आणून ठेवलाय, आणि तोपर्यंत दर रविवारी पट्टी बघते.